पठारावर पवनचक्क्या लावताय? या चुका टाळा

जुलैत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन या. छत्री उलटी होते, गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागतो, आणि वाटतं, इथे दोन-तीन चक्क्या लावल्या की पैसाच पैसा. मग तेच पठार ऑक्टोबरात पाहा. कित्येक पाती जागच्या जागी थबकलेली दिसतात. आपल्याकडे वाऱ्याची मोठी कमाई जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची असते. जुलैचं उत्पादन बाराने गुणणारा हिशेब तिथेच बुडतो.

वारा ऐकीव माहितीवर धरणं

“आमच्याकडं लई वारं” हे गावकरी खोटं सांगत नाहीत, पण बँकेला आकडा लागतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ५ मीटरचा वारा ६ मीटर झाला तर वेग २० टक्के वाढतो, शक्ती मात्र ७३ टक्के. म्हणजे मोजणीत एका मीटरची गफलत झाली तर हप्ता फिटायचा वांधा. शाळेच्या गच्चीवर मोजलेल्या वाऱ्यावरून सूत्राने ८० मीटर उंचीवरचा वेग काढला, तर मूळची चूकही सोबत वर जाते. वारा मोजायचा मनोरा उभारा, दोन-तीन उंचींवर किमान वर्षभर मोजा. हा खर्च वाचवणारे लोक पुढे त्याच्या कित्येक पट गमावतात.

चक्की कड्याच्या टोकाला लावणं

दरीतून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि तिथे भोवरे होतात. पाती आणि गिअरबॉक्स सतत हादरे खातात. कड्यापासून थोडं मागे सरका, किती ते मोजणीवरून ठरवा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे रांग साधारण दक्षिणोत्तर बसते. एकीच्या मागे दुसरी लावायचीच असेल तर पात्यांच्या फेऱ्याच्या व्यासाच्या पाच-सात पट अंतर ठेवा, नाहीतर मागच्या चक्कीला पुढचीचा उष्टा वारा मिळतो.

तारेचा विचार शेवटी करणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. जागा घेतली, मशीनची ऑर्डर दिली आणि मग विजेच्या उपकेंद्राची चौकशी सुरू! जवळचं उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे, तिथे क्षमता शिल्लक आहे का, लाइन कुणाच्या शेतातून जाणार, हे आधी विचारा. गावचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइन, वारंवार ट्रिप होत असेल तर भर वाऱ्यात चक्की थांबते, कारण ग्रिड (विजेच्या लाइनींचं जाळं) नसेल तर ती वीज देणार कुणाला?

सातबारा वरवर पाहणं

पठारावरचे गट बहुधा सामाईक असतात. वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, वनजमीन, गायरान आधी तपासून घ्या. फिरताना पाती शेजारच्या बांधावरून जाणार असतील तर शेजाऱ्याशीही लेखी करार करा. आणि हो, घाटाची वळणं स्वतः पाहून या. चाळीस-पन्नास मीटरचं पातं नागमोडी वळणावर अडकलं की अख्खा रस्ता बंद, आणि गावाचा पहिला राग तिथेच ओढवतो.

वीज कमी येतेय, आता काय?

ठेकेदाराला फोन लावण्याआधी महिन्याच्या नोंदी तीन भागांत लावा: वारा नव्हता ते तास, चक्की बिघडली ते तास, लाइन बंद होती ते तास. बहुतेक भांडणं हे तीन आकडे एकत्र मोजल्यामुळे होतात. चक्की आणि लाइन दोन्ही चालू, वाराही पुरेसा, तरी युनिट कमी? मग वाऱ्याची दिशा सांगणारा दिशादर्शक नीट बसवलाय का, पात्यांची कड झिजली आहे का, ते पाहा.

देखभालीच्या करारात “९५ टक्के वेळ चक्की चालू” असं वाचून खूश होऊ नका. उरलेले ५ टक्के म्हणजे वर्षाचे १८ दिवस. ते फेब्रुवारीत गेले तर फार बिघडत नाही, जुलैत गेले तर वर्ष हातचं गेलं. जून ते सप्टेंबरसाठी वेगळी हमी लिहून घ्या आणि नेहमीची देखभाल मे अखेर उरकण्याची अटही त्यातच घाला.