नदीकाठ हिरवा करताना या चुका टाळा

नदीकाठाचा आराखडा कोणी दाखवायला आणला की मी रंगीत चित्र बाजूला सारतो आणि विचारतो, "आडवा छेद कुठाय?" म्हणजे काठ आडवा कापला तर दिसेल तसं चित्र आणि त्यावर तीन पाणीपातळ्या: उन्हाळ्यातली, दरवर्षीच्या पावसाळ्यातली आणि मोठ्या पुरातली. बहुतेकांकडे तो नसतोच. चित्रात मात्र संथ निळं पाणी, हिरवळ आणि हातात फुगा धरलेलं पोर हमखास असतं.

पहिली चूक इथेच होते. पाहणी कोरड्या दिवसांत होते, म्हणून डोक्यात नदीही कोरड्या दिवसांतलीच बसते. मी भर पावसात जातो आणि पाणी उतरलं की पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने खूण करून ठेवतो. मागचा पूर कुठवर आला होता हे झाडं सांगतात. फांद्यांना लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या चिंध्या बघा आणि मग अधिकृत पूररेषेशी ताडून घ्या. पातळ्या कळल्या की निम्मं काम उरकतं. खाली लव्हाळा, वाळा असं पाण्यापुढे वाकणारं गवत. मध्ये बुडाली तरी चालेल अशी पायवाट. विजेच्या पेट्या आणि स्वच्छतागृहं सगळ्यात वर. चीनमधल्या चिन्हुआ शहरात २०१४ मध्ये झालेल्या येनवेइचौ उद्यानात पादचारी पूल पुराच्या वर ठेवलाय आणि काठाचे टप्पे मुद्दाम बुडू दिलेत.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उताराच्या पायथ्याला दगड भरायचे होते. दगडाचे ट्रक आले नाहीत, उद्‌घाटनाची तारीख ठरलेली, आणि माझ्यावरच्या साहेबांचं म्हणणं, "जाळी अंथरून रोपं लावून टाका, दगड नंतर बघू." मीही मान डोलावली. माती धरून ठेवायला काथ्याची जाळी अंथरली, रोपं लावली, फीत कापली, फोटो झाले. तीन आठवड्यांनी पाणी चढलं, ते जाळीच्या खालून शिरलं, आणि गादीवरची चादर ओढावी तशी चाळीस मीटर जाळी रोपांसकट निघाली. मागे उघडी माती राहिली आणि तीही रात्रभर ढासळत होती. सकाळी चाळीस मीटरभर एक पाय मातीत, एक हवेत अशी लोकं वाकून बघत उभी!

तेव्हापासून पायथा पुरा झाल्याशिवाय मी वरच्या मातीला हात लावू देत नाही. दगड पात्राच्या तळाच्याही खाली न्यायचे, म्हणजे तळ खरवडला गेला तरी ते लटकत नाहीत. जाळीची वरची कड चरात गाडायची, मधे लाकडी खुंट्या दाट ठोकायच्या. लोखंडी नको, त्या पुढे पायाला लागतात. वाळ्याच्या ओळी उताराला आडव्या लावायच्या आणि मुळं धरेपर्यंत एक हंगाम थांबायचं. थांबायचं म्हटलं की नवशिक्यांचे चेहरे पडतात. सिंगापूरमध्ये बिशान उद्यानातला कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीट कालवा मोडून वळणदार पात्र केलं, ते २०१२ मध्ये खुलं झालं. त्याआधी ६० मीटरच्या तुकड्यावर काठ धरून ठेवायच्या निरनिराळ्या पद्धती करून पाहिल्या होत्या. इथे लोकांना ६० दिवस धीर नसतो.

बाकीचं थोडक्यात. सांडपाण्याचे नाले अडवून शुद्धीकरणाकडे वळवल्याशिवाय बाकडी मांडू नका. नाक मुठीत धरून कोणी बसत नाही. पात्रात भराव घालून बागेला जागा काढू नका, अरुंद झालेल्या नदीचं पाणी वरच्या अंगाला फुगतं. सगळीकडे एकाच जातीची झाडं नकोत, एक कीड आली की पूर्ण रांग जाते. आणि बारमाही पाण्याचा हट्ट धरताना वीजबिल कोण भरणार ते आधी लिहून घ्या: २००५ मध्ये खुला झालेला सोलमधला ५.८ किलोमीटरचा चोंग्येचोन ओढा मुख्यतः पंपाने आणलेल्या पाण्यावर वाहतो.

काठ आधीच धसू लागला असेल तर वरून माती ओतू नका. ती पहिल्या लोंढ्यात जाते. पाणी कमी झाल्यावर खाली उतरा, पायथा कुठे पोखरलाय ते काठीने चाचपून बघा आणि दुरुस्ती तिथून सुरू करा. आणि पुराने वाटेवर टाकलेला गाळ त्याच दिवशी, ओला असतानाच फावड्याने ओढून काढा. वाळला की कुदळ लागते, आणि कुदळीबरोबर फरशीही निघते.