'आचाऱ्यां'चे 'आचार्य' कुठे झाले? सोर्स कोडमध्ये शोध आणि त्याची नोंद

'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम दिली' असं टाइप केलं आणि छापून 'आचार्यांना' आलं, तर स्वयंपाक्याचे पैसे मठात गेले. बेळगाव-निपाणीकडे मजकूर द्विभाषिक असतो, त्यामुळे त्याच पानावर कानडीही असते. कानडीतल्या 'रॅली'त र पुरा ठेवून य त्याच्याखाली लटकवायचा असतो. तो नीट बसला नाही की र चा अर्कावत्तु (रफारासारखं चिन्ह) होतो आणि शब्द भलताच वाचला जातो. दोन्ही दुखणी शोधायची जागा एकच: हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा खुला तयार कोड. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिसमध्ये अक्षरांची जुळणी तीच करते. पुढची उदाहरणं तिच्यातली आहेत, पण पद्धत कुठल्याही लायब्ररीला चालेल.

कोड उघडण्याआधी मजकूर उघडा. पायथॉनमध्ये बिघडलेल्या शब्दाच्या एकेका अक्षराला 'ऑर्ड' लावून त्याचा हेक्स आकडा छापा. 'आचाऱ्यांना' हा शब्द ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) वापरून लिहिला तर १० कोड निघतात. र, हलंत आणि न दिसणारा जोडक (२००डी) वापरून लिहिला तर ११. र खाली नुक्ता देऊन लिहिला तरी ११. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. 'एनएफसी' सामान्यीकरणाने (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एका रूपात आणण्याची युनिकोडची रीत) नुक्त्याचा प्रकार ०९३१ मध्ये येतो, जोडकाचा येत नाही. तो स्वतः बदलावा लागतो. युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ ची ओळख द्राविडी भाषांतला र लिहिण्याचं अक्षर अशी आहे, आणि आपल्या दऱ्या-सुऱ्या त्याच्याच अर्ध्या रूपावर चालतात. सीमाभागाला हे नवल वाटू नये.

मग रेपॉझिटरी, म्हणजे 'गिट'मध्ये इतिहासासकट ठेवलेला सगळा कोड, उतरवा. खानापूरच्या आतल्या गावांतून नेट अधूनमधून जातं म्हणून 'डेप्थ १' देऊन उथळ क्लोन (फक्त शेवटच्या बदलापुरती प्रत) घ्यायचा मोह होतो. नुसता शोधायला तो पुरतो. पण कुठली ओळ कुठून आली ते सांगणारा 'गिट ब्लेम' लावलात की सगळ्या ओळींचा जनक एकच, तो शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) दिसतो, आणि ते धादांत खोटं असतं. इतिहास हवा असेल तर 'फेच'ला 'अनशॅलो' द्या. जुन्या फाइलींचा मजकूर मागे ठेवणाऱ्या 'ब्लॉब-नन' फिल्टरचा क्लोन लवकर उतरतो, पण ब्लेम करताना तो जुन्या फाइली पुन्हा नेटवरून ओढतो. शहरात चांगलं नेट असताना पूर्ण क्लोन करून घरी न्यावा हे बरं.

आता खरा शोध. कोडमध्ये 'ऱ' हे अक्षर शोधून काही मिळणार नाही. तिथे ते शून्य-एक्स लावून ०९३१ आणि शेवटी यू असं लिहिलेलं आहे. चाचण्यांच्या फाइलींत यू, अधिकचं चिन्ह आणि मग आकडा असा. म्हणून कोडमध्ये मजकूर शोधणाऱ्या 'गिट ग्रेप'ला फक्त चार आकडे द्या. पूर्ण शब्द जुळवणारा 'डब्ल्यू' पर्याय इथे लावू नका: कोडमध्ये पुढचा एक्स आणि मागचा यू धरून सगळा मिळून एक शब्द होतो आणि हाती काहीच लागत नाही. आकड्यात अक्षर असेल, जसं ०९४डी, तर लहान-मोठी लिपी न पाहणारा 'आय' द्या. आणि कीबोर्ड मराठीवर राहिला नाही ना ते बघा; देवनागरी आकड्यांनी शोधून शून्य उत्तर येणं ही रोजची चूक आहे.

इंडिक शेपरच्या (भारतीय लिप्यांची जुळणी करणाऱ्या भागाच्या) फाइलीत ०९३१ एका छोट्या यादीत भेटतो: ही अक्षरं फोडू नका, असं सांगणारी यादी. म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता होऊ नये याची काळजी तिथेच घेतली आहे. त्याच फाइलीत 'कन्नडा' शोधलं की एक टिपणी मिळते: जुन्या कानडी मजकुराशी जमवून घेण्यासाठी र-हलंत-जोडक हा क्रम र-जोडक-हलंत असा समजावा. सोबत इश्श्यूचा (नोंदवलेल्या तक्रारीचा) क्रमांक ४३५. जो क्रम देवनागरीत अर्धा ऱ देतो, तोच कानडीत वेगळी वागणूक मागतो, ते इथे कळतं. 'ग्रेप'ला कॅपिटल डब्ल्यू दिला तर अख्खं फंक्शन दिसतं; ते वाचल्याशिवाय टिपणीवर भरवसा ठेवू नये.

ओळ कधी आली हे 'गिट लॉग'च्या कॅपिटल एसने कळतं: दिलेला मजकूर जिथे वाढला किंवा घटला तेवढेच कमिट येतात. ओळ फक्त बदलली असेल तर कॅपिटल जी वापरा. इतिहास मध्येच तुटलेला वाटला तर फाइलीचं नाव बदललेलं असेल; 'फॉलो' लावा. या फाइलीच्या जुन्या नावात 'कॉम्प्लेक्स' होतं, ते पुढे गेलं.

नावात 'टेबल' असलेली इंडिक शेपरची फाइल हाताने दुरुस्त करायला जाऊ नका. ती युनिकोडच्या डेटा फाइलींवरून पायथॉनची स्क्रिप्ट तयार करते, पुढच्या वेळी तुमची दुरुस्ती पुसली जाईल.

दोष लायब्ररीचाच का, हे हार्फबझच्याच 'एचबी-शेप' या प्रोग्रॅमने ठरवा. फॉन्ट द्या आणि अक्षरांऐवजी कोड द्या: ०९३१, ०९४डी, ०९२एफ. दुसऱ्या चांगल्या फॉन्टने अर्धा ऱ बरोबर आला, तर पहिल्या फॉन्टच्या 'हाफ' नियमात ते रूपच नाही. तक्रार फॉन्टवाल्याकडे.

सापडलेलं लिहून ठेवताना पुढचा माणूस काय शोधेल ते डोळ्यापुढे ठेवा. टिपणी इंग्रजीतच लिहावी लागते, पण 'र चा प्रश्न सोडवला' असलं काही लिहू नका. कोडचा क्रम त्या फाइलीत ज्या पद्धतीने लिहितात तसाच द्या, अक्षराचं युनिकोडमधलं नाव द्या, आणि ही ओळ काढली तर काय बिघडेल ते एका वाक्यात सांगा. 'आचाऱ्यांना' हा शब्द आणि त्याचे दहा कोड कमिटच्या संदेशात टाका. नुसता शब्द टाकला तर तो तिन्हींपैकी कुठल्या प्रकारे लिहिला होता ते कळत नाही. बाहेरून वापरायच्या फंक्शनची माहिती त्याच्या व्याख्येच्या लगेच वर लागते: फंक्शनचं नाव आणि अपूर्णविराम (:), मग एकेक पॅरामीटर, शेवटी 'सिन्स' आणि आवृत्ती. नावात एक अक्षर चुकलं तरी माहिती त्या फंक्शनला चिकटत नाही. कोडची लिंक देताना ब्रँचची (बदलत राहणाऱ्या शाखेची) देऊ नका, कमिटची द्या. गिटहबवर फाइल उघडून वाय दाबलं की ती मिळते. ब्रँचवरची १२० वी ओळ महिन्याने १६० वी होते, आणि वाचणारा भलत्याच फंक्शनपाशी उभा राहतो.