स्वाध्याय फोनला वाचता येतो का? एका ओळीत तपासा

शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्वाध्याय दृष्टिबाधित मुलाच्या फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) बऱ्याचदा वाचतच नाही. जळगाव-धुळ्याकडे केंद्राची (जवळपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद भरली की प्रत्येक शिक्षकाकडून स्वतःच्याच फाइलवर हे करून घ्या. १० मिनिटं पुरतात.

१. फाइलमधली एक ओळ, समजा ‘केळीच्या घडाला किती फण्या?’, बोट दाबून निवडा, कॉपी करा, व्हॉट्सॲपच्या चौकटीत पेस्ट करा.

२. मराठीच उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर टायपिंग कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये झालंय. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता फोटो आहे. संगणकावर गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडा, मजकूर सुटा होतो. जोडाक्षरं आणि रफार तिथे बरेचदा चुकतात, ते हाताने दुरुस्त करा.

३. शेवटी डोळे मिटून टॉकबॅकवर ऐका. अहिराणी शब्द देवनागरीत असले की मराठी आवाज तेही वाचतो.

टॉकबॅक बंद कसं करायचं ते मात्र आधी दाखवा. ते चालू असताना एका टिचकीने बटण फक्त निवडलं जातं, दाबायला दोन लागतात. हे माहीत नसलं की फोन अडकलाच.