आयसीयूतल्या रुग्णाच्या तोंडाची काळजी: या चुका टाळा

आयसीयूच्या दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक डॉक्टर दिसले की विचारतात: बीपी किती आहे, ऑक्सिजन किती लागतोय, लघवी होतेय का, नळी कधी निघणार? तोंड स्वच्छ केलं का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आणि व्हेंटिलेटरवर असताना जो न्यूमोनिया होतो, त्याचे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातून आणि घशातूनच खाली उतरलेले असतात.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती गिळताना जंतूही धुऊन जातात. गुंगीत असलेला, तोंडात नळी असलेला माणूस गिळत नाही. तोंड सतत उघडं राहतं, लाळ आटते, दातांवर थर चढतो. दोन दिवसांतच तोंडातल्या नेहमीच्या जंतूंच्या जागी क्लेब्सिएला, स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर असे हॉस्पिटलमधले चिवट जंतू येऊ लागतात. श्वासनळीतल्या ट्यूबला एक फुगा असतो, त्याला आम्ही कफ म्हणतो. त्या कफच्या वर साचलेली लाळ कडेने थेंब थेंब झिरपत फुफ्फुसात जाते. ट्यूब घातल्यावर ४८ तासांनंतर उद्भवणाऱ्या या न्यूमोनियाला व्हॅप म्हणतात. त्याने व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढतात, अँटिबायोटिकं वाढतात, बिल वाढतं आणि काही वेळा माणूस हातचा जातो.

मी आयसीयूत नर्स आहे. हे लिहितेय ते नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठीही.

औषधाचा बोळा फिरवला की झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवलेला गॉज चिमट्याला गुंडाळायचा, गालांच्या आतून फिरवायचा आणि चार्टवर ‘माउथ केअर दिली’ असं लिहायचं. दातांवरचा थर चिकट असतो. तो पुसून निघत नाही, घासूनच निघतो. फोमच्या काडीचंही तसंच. ओलावा द्यायला ती बरी, थर काढायला निरुपयोगी. शिवाय रुग्णाने दात आवळले तर तिचा फोम तुटून घशात जाऊ शकतो.

क्लोरहेक्सिडीनवर वर्षानुवर्षं सगळ्यांचाच भरवसा होता. २०१४ मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण सोडले तर इतरांमध्ये न्यूमोनियावर त्याचा ठोस फायदा दिसेना. उलट मृत्यूचं प्रमाण किंचित वाढत असावं, अशी शंका पुढे आली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी व्हॅप टाळण्याच्या शिफारशी बदलल्या: दात ब्रशने घासा, क्लोरहेक्सिडीन शक्यतो नको. २०२३ च्या अखेरीस आलेल्या एका आढाव्यात १५ चाचण्या आणि जवळजवळ २,८०० रुग्ण होते. ब्रश केलेल्यांमध्ये हॉस्पिटलमध्ये होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि हा फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना झाला. त्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवसही कमी भरले. दिवसातून दोनदा ब्रश केला काय आणि तीनदा केला काय, निकालात फरक नव्हता. म्हणजे सकाळी एकदा आणि रात्री एकदा, पण नीट.

तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये क्लोरहेक्सिडीन असेल तर आपल्या मनाने ते बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. ब्रश सुरू करायला मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. दोन्ही वापरत असाल तर मध्ये अर्धा तास जाऊ द्या, कारण टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक क्लोरहेक्सिडीनचा असर मारतो.

घाईत, एकट्याने, सक्शनशिवाय ब्रश करणं

ब्रश हे खरं औषध असलं तरी चुकीच्या हातात तो धोक्याचाही आहे. घासून सुटलेली घाण घशात गेली, तर ज्यासाठी हे सगळं करतो तेच बिघडतं.

आधी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे ना ते पाहा. मानेला किंवा मणक्याला इजा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका. मग कफमधला दाब तपासा. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान हवा. कफ ढिला असेल तर लाळ खाली उतरायला वाट मोकळीच असते. ट्यूब ओठाशी कितव्या आकड्यावर आहे ते बघून ठेवा. बायकांमध्ये साधारण २१, पुरुषांमध्ये २३ सेंटिमीटर असते, पण तुमच्या रुग्णाचा चार्टवरचा आकडा खरा. काम संपल्यावर तोच आकडा परत दिसला पाहिजे.

तोंडातलं आणि घशातलं सक्शन, म्हणजे साचलेलं नळीने ओढून घेणं, ब्रशच्या आधी करायचं, ब्रश चालू असताना करायचं आणि नंतरही करायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश सगळ्यात सोयीचा. तो पेन्सिलसारखा हलक्या हाताने धरा, हिरडीच्या कडेला तिरपा टेकवा आणि छोटे छोटे गोल फिरवा. दातांची आतली बाजू आणि जीभ सोडू नका. पेस्ट वाटाण्याहूनही कमी पुरते, जास्त घेतली तर फेस आवरत नाही. तोंड धुवायला निर्जंतुक पाणी, तेही सिरिंजने थोडं थोडं, दुसऱ्या बाजूने सक्शन चालू ठेवून. एकाने ट्यूब धरायची, दुसऱ्याने ब्रश करायचा. रात्रपाळीत माणसं कमी असतात हे मला पुरतं ठाऊक आहे, तरी ट्यूब निसटण्याचा धोका पत्करण्यापेक्षा शेजारच्या बेडच्या सिस्टरला पाच मिनिटं हाक मारलेली बरी.

ब्रश नंतर धुऊन, झटकून, उघडा वाळू द्या. ओला ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लॉकरमध्ये टाकला तर दुसऱ्या दिवशी तेच जंतू परत तोंडात जातात.

तीर्थ, गंगाजल, तूप, मध तोंडात घालणं

हा विषय नाजूक आहे आणि मला तो टाळायचा नाही. भेटीच्या वेळेत कोणी सिद्धिविनायकाचं तीर्थ आणतं, कोणी गंगाजलाची छोटी बाटली, कोणी तुळशीचं पान. विरार-कल्याणहून लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास करून आलेल्या मुलीला आईच्या ओठाला पाण्याचा थेंब लावावासा वाटतो. त्यामागची माया मी रोज पाहते. पण गुंगीतल्या माणसाचं गिळणं बंद असतं, आणि चमचाभर पाणीही थेट श्वासनळीकडे जाऊ शकतं. तीर्थाचं बोट कपाळाला लावा, रुग्णाचा हात हातात घ्या, कानाशी नाव घेऊन बोला. ओठ ओले करायचे असतील तर सिस्टरला सांगा. ती घट्ट पिळलेला ओला गॉज देईल, तो तुम्हीच आपल्या हाताने ओठांवर फिरवा.

तूप, खोबरेल आणि मध पूर्णपणे टाळा. तेलकट पदार्थ श्वासनळीत गेला तर धड खोकलाही येत नाही. तो फुफ्फुसात साचून वेगळ्याच प्रकारचा, लवकर बरा न होणारा न्यूमोनिया होऊ शकतो. ऑक्सिजन चालू असताना ओठांना व्हॅसलिनऐवजी पाण्यात मिसळणारी जेल लावतात, ती युनिटमध्ये मिळते.

ट्यूब निघाल्यावर रुग्ण पहिल्यांदा पाणी मागतो, अगदी काकुळतीला येऊन. तेव्हाही लगेच पाणी पाजू नका. ट्यूबमुळे गिळण्याची ताकद काही काळ मंदावलेली असते, म्हणून आधी गिळण्याची तपासणी होते. तोवर थंड पाण्यात बुडवून पिळलेला गॉज जिभेवर आणि ओठांवर ठेवला तर तहान बरीच शमते.

कवळी आणि हलणाऱ्या दाताबद्दल न सांगणं

अ‍ॅडमिशनच्या गडबडीत हे राहून जातं. कवळी असेल, पुढचा दात हलत असेल, कॅप ढिली असेल, तर पहिल्याच तासाला डॉक्टरांना सांगा. हलणारा दात ट्यूब घालताना निखळून फुफ्फुसात जाऊ शकतो. दात कमी दिसला आणि सापडला नाही, तर छातीचा एक्स-रे काढावा लागतो. कवळी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवू नका, चादरीबरोबर ती थेट धोबीखान्यात जाते. झाकणाच्या डब्यात, पाण्यात ठेवून, वर नाव लिहून घरी न्या.

लिंबू-ग्लिसरीनचे बोळे

तोंडाला ताजेपणा येतो म्हणून हे अजून कुठे कुठे वापरतात. लिंबाचं आम्ल दातांचं आवरण झिजवतं, आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, त्यामुळे तोंड आणखी कोरडं पडतं. वापरू नका.

मशेरी-गुटख्याची सवय लपवणं

आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या आज्या आणि मावश्या घरोघरी सापडतात, आणि गुटख्याबद्दल तर सांगायलाच नको. नातेवाईक लाजेने बोलत नाहीत. पण वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाल्लेल्याचं तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नसेल, तर ट्यूब घालणं फार अवघड जातं. भूलतज्ज्ञाला ते आधी कळलं तर तो तयारीत राहतो. दातांवरचे जुने तपकिरी डाग आयसीयूत खरवडून काढायचा हट्ट धरू नका, हिरडी सोलवटते. गालात पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर मात्र केसपेपरवर नोंद करा, डिस्चार्जनंतर तो तपासायलाच हवा.

रक्त येतं म्हणून तोंडाला हातच न लावणं

पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण येऊ लागतात. प्लेटलेट्स उतरलेल्या, हिरड्यांतून रक्त झिरपत असतं. मग तोंड तसंच सोडलं जातं, आणि साकळलेल्या रक्तावर जंतू पोसतात. डॉक्टरांना विचारून अतिमऊ ब्रश किंवा ओला गॉज वापरा. चिकटलेली रक्ताची गाठ ओढून काढू नका, ओली करून सैल होऊ द्या.

बायपॅपवरच्या, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत देणाऱ्या यंत्रावरच्या, रुग्णाकडेही असंच दुर्लक्ष होतं. ट्यूब नाही, म्हणजे तोंडाची काळजी नको, असं कोणी ठरवलं कोण जाणे. मास्कच्या वाऱ्याने जीभ लाकडासारखी होते. डॉक्टरांच्या परवानगीने मास्क थोडा वेळ काढून दर दोन ते चार तासांनी तोंड ओलं करा.

तोंडात न डोकावणं

ब्रश करताना टॉर्च हातात ठेवा. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर असतील तर ती बुरशी असू शकते, अँटिबायोटिकं आणि स्टेरॉइड चालू असताना ती बऱ्याचदा येते. ओठाच्या कोपऱ्यात ट्यूबच्या दाबाने जखम होते, म्हणून ट्यूबची बाजू ठरल्याप्रमाणे बदलत राहा. मधुमेह आणि स्टेरॉइड असलेल्या रुग्णाच्या टाळूवर काळा डाग दिसला, गाल सुजला किंवा चांगले दात अचानक हलू लागले, तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने, महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलं आहे, आणि त्यात तासांनाही किंमत असते.

घरी गेल्यावर हिरड्या दुखत असतील, दात हलत असतील किंवा कवळी बसत नसेल, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे ओपीडी आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा.