पुण्यात स्वतंत्र लघुपट करताना : आवाज, कागदपत्रे आणि प्रेक्षक

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्यामुळे कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संकलन जाणणारी माणसे शोधायला या शहरात फारशी वणवण करावी लागत नाही. स्वतंत्र निर्मात्याची गाडी अडते ती बहुधा दुसरीकडेच. पैसा कॅमेऱ्याच्या भाड्यावर संपतो आणि आवाज, करारपत्रे व प्रदर्शन यांसाठी काहीच उरत नाही. अंदाजपत्रक मांडताना या तिन्हींची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत जो कॅमेरा बसेल तो घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

लोकेशन पाहायला जाताना ध्वनिमुद्रकाला सोबत न्यावे, आणि ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे त्याच वेळी न्यावे. आम्ही एकदा नदीकाठच्या पेठेतला वाडा एप्रिलच्या सकाळी पाहून पक्का केला आणि चित्रीकरण ऑगस्टमध्ये संध्याकाळी ठेवले. गणेशोत्सव जवळ आला होता आणि नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात सुरू होता. दोन दिवसांचे सगळे संवाद डब करावे लागले, आणि आईची भूमिका करणाऱ्या बाईंचा स्वयंपाकघरातल्या प्रसंगात दाटून आलेला आवाज डबिंगच्या खोलीत काही केल्या पुन्हा आला नाही. तो प्रसंग आजही मला अपुरा वाटतो.

घरात चित्रीकरण करताना पंखे, पाण्याची मोटर आणि फ्रीज बंद करावे लागतात. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवावी. मग तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी घरी निघून जात नाही आणि यजमानांचे दूध नासत नाही. खळ दिलेल्या सुती साडीच्या पदराखाली कॉलर माइक लावला की प्रत्येक हालचालीला सळसळ येते, त्यामुळे अशा प्रसंगात बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, जवळ नेऊन काम करणे बरे. प्रसंग संपल्यावर सर्वांना जागच्या जागी उभे करून त्या खोलीची नुसती शांतताही मिनिटभर मुद्रित करावी. दोन संवादांमधली फट सांधायला संकलनाच्या वेळी तीच उपयोगी पडते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते.

परवानगी कोणाकडे मागायची, हे जागा कोणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरते. शनिवारवाड्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, रेल्वे स्थानकासाठी रेल्वेकडे, रस्त्यासाठी महापालिका आणि पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. जुन्या वाड्यांत हिस्सेदार आणि भाडेकरू अनेक असतात. एकाच्या होकारावर विसंबून न राहता सर्वांच्या सह्या घ्याव्यात. लोहगावला हवाई दलाचा तळ असल्यामुळे ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहणे आवश्यक आहे. बैल, कुत्रा किंवा कोणताही प्राणी दाखवायचा असेल, तर प्राणी कल्याण मंडळाच्या परवानगीचे काम चित्रीकरणाच्या बरेच आधी हाती घ्यावे.

मित्रामित्रांत कशाला कागद करायचे, या संकोचातून पुढे फार कटुता येते. लेखकाकडून कथेचे हक्क घेताना करार लेखी आणि सहीचा असावा, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे सहाव्या वर्षी परदेशातून विचारणा आली, तर निर्मात्याच्या हाती काहीच नसते.

जुन्या गाण्यांबाबतही असाच गोंधळ होतो. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांवरील हक्क गीतकार व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. गदिमांचे निधन १९७७ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, मग गाणे कोणाकडूनही नव्याने गाऊन घेतले तरी. त्यापेक्षा पुण्यातल्याच एखाद्या तरुण संगीतकाराला मानधन देऊन नवे संगीत करून घ्यावे. हा खर्च इथल्याच कलावंताच्या घरी जातो. मानधनाचा आकडा लहान असला तरी चालेल, मात्र लाइट सांभाळणाऱ्या मुलापासून सर्वांना तो आधी सांगावा, ठरल्या दिवशी द्यावा आणि श्रेयनामावलीत प्रत्येकाचे नाव त्याला विचारून बिनचूक लिहावे. विनामोबदला राबलेला तंत्रज्ञ एक-दोन लघुपटांनंतर नाइलाजाने मुंबईची गाडी धरतो, आणि इथल्या पुढच्या निर्मात्याला माणूस मिळत नाही.

चित्रपटगृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचे असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या, वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आहेत. महोत्सवांचे नियम वेगळे असतात. साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत होणारा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव डोळ्यांसमोर असेल, तर तिथली प्रवेशिका वाचूनच लघुपट ऑनलाइन टाकायचा की नाही ते ठरवावे, कारण एकदा सर्वांसाठी खुली केलेली कलाकृती अनेक महोत्सव घेत नाहीत.

महोत्सवाबाहेर प्रेक्षक आपणच जमवावा लागतो. ज्या पेठेत किंवा गावात चित्रीकरण झाले, तिथल्या लोकांना पहिला खेळ दाखवावा, आणि खेळाच्या आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर व त्याच स्पीकरवर लघुपट पूर्ण चालवून पाहावा. लॅपटॉपवर स्पष्ट वाटणारे संवाद मोठ्या दालनात पार विरून जातात, तर अंधारातले प्रसंग कमकुवत प्रोजेक्टरवर दिसतच नाहीत.

सगळे झाल्यावर मूळ फुटेज आणि अंतिम प्रत किमान दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी आणि दरवर्षी चालवून पाहावी. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चेही आज काही भागच शिल्लक आहेत. जुनी रिळे जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच शहरात आहे. डिस्कवर तारीख घातलेली चिठ्ठी चिकटवण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे.