मक्यात चवळी घेताय? आधी तणनाशक बघा

मक्यात चवळी लावणार असाल तर ॲट्राझीन हे तणनाशक मारू नका, मक्याला काही होत नाही पण चवळी जळते, पेरणीनंतर उगवणीआधी पेंडीमेथालिन चालतं दोन्हीला. जात बुटकी, झुडपी घ्या, वेलाची घेतली की ती मक्यावर चढते न काढणीला नुसता वैताग. मक्याच्या दोन ओळी मग चवळीच्या दोन, असं ठेवलं तर चवळीला ऊन मिळतं, नाहीतर सावलीत शेंगा कमीच धरतात. चवळी जमीन झाकते म्हणून तण कमी. चवळी हवेतलं नत्र मुळांच्या गाठीत धरते, पण त्याचा फायदा जास्त करून पुढच्या पिकाला, त्यामुळे मक्याचा युरिया लगेच बंद करू नका! चाऱ्यासाठी असेल तर मका दुधाळ दाण्यावर आला की दोन्ही सोबत कापा.