ग्रहण बघताना या चुका टाळा: एक्स-रे फिल्म कपाटातच राहू द्या

ग्रहण जवळ आलं की घराघरांत जुन्या एक्स-रेची शोधाशोध सुरू होते. दर वेळी सांगूनही हे थांबत नाही, म्हणून पुन्हा लिहितोय.

25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत, सूर्य ग्रासलेलाच मावळला. आम्ही टेकडीवर लोकांना ग्रहणाच्या खास चष्म्यातून ग्रहण दाखवत होतो. रांग मोठी होती. एका गृहस्थांना थांबवेना. त्यांनी पिशवीतून आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि लेकीच्या डोळ्यांपुढे धरला. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, म्हणजे तिथे फिल्म जवळजवळ पारदर्शक असते. वाऱ्याने फिल्म हलत होती आणि पोर नेमकी मांडीच्या हाडातून सूर्याकडे बघत होती. मी फिल्म बाजूला केली तर गृहस्थ चिडले. "आम्ही 1980 सालीही असंच बघितलं होतं, काही झालं नाही!"

हे वाक्य मला प्रत्येक ग्रहणाला ऐकू येतं. फिल्मचा काळा भाग किती काळा, हे प्रत्येक एक्स-रेत वेगळं. काजळी धरलेली काच, गॉगल, कॅमेऱ्याचा रोल, सीडी यांचीही तीच गत. दिसणारा उजेड कमी होतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण अडतीलच याची खात्री नाही. डोळे दिपत नाहीत, म्हणून माणूस टक लावून बघतो. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळतच नाही, त्यामुळे ते भाजतंय याचा पत्ता लागत नाही. बघताना बरं वाटलं म्हणजे डोळे सुरक्षित आहेत, असं अजिबात नाही.

ताटातलं हळदीचं पाणी हा घरोघरचा उपाय. त्यात सूर्याचं प्रतिबिंब बघू नका. सूर्य डोक्यावर असतानाही पाण्यावरून शंभरातले दोन भाग उजेड परत येतो, तिरपा असेल तर आणखी जास्त. आयएसओ 12312-2 या सूर्य बघण्याच्या चष्म्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा चष्मा लाखातले जेमतेम तीन भाग आत सोडतो. फरक तुम्हीच बघा.

दुसरी चूक त्याहून भयंकर: ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवर लावून दुर्बिणीतून बघणं. दुर्बीण सूर्याचा उजेड गोळा करून चष्म्याच्या पातळ पडद्यावर ओतते. पडदा क्षणात जळतो आणि मागे डोळाच असतो. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर, चिकटपट्टीने पक्का बसवलेला हवा. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, बसवायचा छोटा सौरफिल्टर तापून तडकतो, तो मी कुणाला वापरू देत नाही.

चष्मा आदल्या रात्रीच तपासा. तो लावून घरातल्या ट्यूबकडे बघा, काही म्हणजे काही दिसता कामा नये. ओरखडा, टाचणीएवढं भोक किंवा चुरगळलेली घडी दिसली की मी चष्मा कात्रीने कापूनच टाकतो, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जातो. चष्म्यावर छापलेल्या नुसत्या आयएसओ आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो कुणीही छापू शकतो. स्थानिक खगोल मंडळाकडून घ्या. नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून लावा. मान खाली घालून लावायचा, मान खाली घालूनच काढायचा.

"नव्वद टक्के झाकलाय, आता बघू या" म्हणू नका, उरलेली कोरही तेवढीच प्रखर असते. कंकणाकृती ग्रहणात, म्हणजे चंद्राभोवती सूर्याची बांगडी उरते तेव्हा, चष्मा एक क्षणही काढायचा नाही. पातळ ढग आला किंवा सूर्य मावळतीला टेकला तरीही नाही.

लहान मुलं असतील तर मी आरसाच काढतो. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून त्याला अर्धा सेंटीमीटरचं भोक पाडा, आरसा उन्हात ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. दहा मीटरवर सूर्य नऊ-दहा सेंटीमीटरचा दिसतो, चंद्राने घेतलेला घास स्पष्ट दिसतो आणि सगळ्यांना एकदम बघता येतो. आरशात मात्र कुणी डोकावायचं नाही.

2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्यात ढग फाटला की सगळे घाईने वर बघतात, तेव्हा चष्मा हातातच असू द्या.

कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलंच असेल तर दुसऱ्या दिवशीही लक्ष ठेवा. मधोमध काळा डाग दिसला किंवा दाराची चौकट वाकडी भासली तर घरगुती थेंब न टाकता नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि सूर्याकडे बघितल्याचं आधी सांगा.